बंदराचा सिनेमा आणि विहिणीची पंगत

विहीणबाई, मला तुमचं सुतक नाही.

हे मला भटजींनी सांगितलं, तेही मी न विचारता. तुमच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते, माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही मुलीची आई ना? मग तुम्हाला काही नाही. घरी जाऊन खुशाल देवाला दिवा लावा." म्हणजे माझी मंजिरी, तुमची सून, तिला दहा दिवस. जावईबापूंना दहा दिवस. आठ वर्षांत तुमचं तोंडसुद्धा न बघितलेल्या तुमच्या त्या मुंबईच्या चुलतदिरांना दहा दिवस. आणि गेली चौदा वर्षं दर रविवारी दुपारी तीन वाजता तुमच्या कोचावर तुमच्या मांडीला मांडी लावून जी बसली, तिला काही नाही. आंघोळ केली की मोकळी.

रागच आला मला. पण राग काढणार कुणावर? शेजारच्या बायका आल्या त्या मंजिरीच्या गळ्यात पडल्या, जावईबापूंसमोर डोळे पुसून झाले, आणि मग माझ्याकडे वळून एकीने विचारलं, "काकू, चहाला कप कुठे असतात हो?" मी आपली तेरा दिवस कप विसळत होते. डोळ्यांतून टिपूस नाही. "विहीणच ती, तिला कसलं रडू," असं कुणीतरी मागच्या दारी म्हणालंसुद्धा. माझे कान अजून शाबूत आहेत हे लोकांच्या लक्षात राहत नाही. तेव्हा म्हटलं, बोलायचं तर थेट तुमच्याशीच बोलावं. आपल्या दोघींत मध्यस्थ कधीच लागला नाही, आता तरी कशाला.

तर सिनेमा.

तुम्हाला सिनेमांची नावं कधी लक्षात राहिली नाहीत. सगळी खुणेची नावं. 'डॉक्टरीणबाईंचा', तो आपण साड्यांसाठी बघायचो. 'पुराचा', तो फक्त गणपतीत, घरात बारा माणसं असताना, कारण एकटीदुकटीने बघवत नाही. 'बोकडाचा' माझा. दोन भावांच्या वाटणीचे कागद बोकड खातो आणि दोघे भाऊ अख्खा सिनेमाभर त्या बोकडाच्या मागे, तो मरू नये म्हणून त्याची सेवा करत. तुम्ही नाक मुरडायचात. "बोकड बघायला मी बसू? या वयात?" आणि बोकड वकिलाच्या खुर्चीवर चढला की सगळ्यात मोठ्याने कोण हसायचं, ते वरच्या मजल्यावरच्यांना विचारा.

आणि आपला मुख्य तो 'बंदराचा'. काळा-पांढरा. बंदरातल्या शिंप्याची मुलगी, लाँचवर तिकिटं फाडणारा तो लांब मानेचा मुलगा. तो परमुलखात जातो, ती रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन उभी राहते, आणि इकडे बाप तिचं लग्न एका मिठाच्या व्यापाऱ्याशी ठरवून मोकळा. किती वेळा पाहिला असेल आपण? मी तीस वर्षं चौथीला गणित शिकवलंय, पण हा हिशेब मी कधी केला नाही. एकदा विचारलं तुम्हाला, "तेच तेच बघून कंटाळा नाही येत?" तर म्हणालात, "अहो, पहिल्यांदा बघताना माणूस गोष्टीच्या मागे धावत असतं. कोण मेलं, कुणाचं जमलं. एकदा ते कळलं की जीव थंड. मग बघायला घ्यावा सिनेमा. आणि आमटी आवडली तर एकदाच खाता का हो तुम्ही?"

मला काही पटलं नाही. पण मग तुम्ही मला ती हंडेवाली दाखवलीत. बाजारात शिंप्याची मुलगी रडत चाललीय, आणि मागे एक बाई डोक्यावर हंडा घेऊन जाते. देवळात नवस बोलतात तिथे मागे तीच बाई, तोच हंडा. साखरपुड्यात तीच, हंड्यासकट! साखरपुड्याला कुणी हंडा घेऊन येतं? आणि दर वेळी एकदा चोरून कॅमेऱ्याकडे बघते. "हिरॉईनचं मला पाठ आहे," तुम्ही म्हणायचात, "हिचं काय चाललंय ते बघा." त्या हंडेवालीला आपण नवरा दिला, तो दारुडा निघाला, मग आपण त्याला सुधारला. तिच्या मुलीला पोस्टात लावली. मूळ गोष्टीत काय चाललंय इकडे आपलं लक्षच नसायचं. घरातली बाकी माणसं त्या सिनेमाला पळून जायची ती काय उगीच नाही. जावईबापू तर रविवारी तीनला न चुकता गाडी धुवायला काढायचे.

आता या सिनेमाचा शेवट मी आजतागायत पाहिलेला नाही. त्याला कारण तुम्ही. हो, तुम्हीच. इतकी वर्षं तुम्ही ते तुमच्या बाळूवर ढकललंत, पण आज मी स्पष्ट बोलणार.

तुम्ही हा सिनेमा टीव्हीवरून कॅसेटवर उतरवून घेतला होतात आणि त्या कॅसेटवर नाव लिहिलं नव्हतंत. का? तर "नाव लिहिलं की लोक मागायला येतात आणि नेलं की परत देत नाहीत." बरं, मंजिरीच्या लग्नाच्या आदल्या दुपारी घरात पाहुणे, फराळाचे डबे, हळदीची तयारी, आणि नवऱ्यामुलाची आई कुठे? तर आतल्या खोलीत दार लोटून 'बंदराचा' बघत बसलेली! शेवटची वीस मिनिटं राखून ठेवलीत, लग्न पार पडलं की निवांत बघायची म्हणून. कॅसेट होती तिथेच थांबवलीत. दुसऱ्या दिवशी हॉलवर व्हिडिओवाल्याची कॅसेट संपली, ऐन विहिणीच्या पंगतीच्या वेळी. तुमचा धाकटा, आमचा बाळू, स्कूटर काढून घरी पळाला, बिननावाची कॅसेट दिसली, कोरी समजून घेऊन आला. लांब मानेच्या मुलाची लाँच बंदरात शिरते आहे, शिंप्याची मुलगी पदर सावरत धक्क्यावर धावते आहे, पडद्यावर दोन मुंग्या आल्यासारख्या होतात, आणि एकदम रंगीत! आपली पंगत! तुमचे थोरले भाऊ जिलेबीची आख्खी चवड उचलताना.

त्यामुळे शेवट मला तुमच्याकडून तोंडी ऐकावा लागला. तुम्ही पाहिलेला होतात ना पूर्वी. पण काय बाई तुम्ही! माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात तो लाँचवरून उतरला आणि त्याने तिच्या बापाच्या पाया पडून तिला मागितली. मी तुमच्या सांदणांना गूळ कमी आहे म्हटलं, त्या रविवारी तो लाँचवरून उतरला तो बायको आणि दोन मुलं घेऊन. आणि मी राजापूरला भाचीच्या लग्नाला गेले आणि तुम्हाला रविवार चुकवावा लागला, तर पुढच्या खेपेला लाँचच बुडवलीत. आख्खी! शंभर माणसं मारलीत माझ्या एका रविवारासाठी. मुग्धा, आपली नात, तिने एकदा तो सिनेमा मोबाईलवर शोधून द्यायचा प्रयत्न केला. पण नावच कुणाला ठाऊक नाही तर शोधणार काय? 'बंदर' म्हणून टाकलं तर तिला माकडं दिसायला लागली.

आता ती पंगत. त्या दिवसाबद्दल आपण सगळं बोललो आणि एकच गोष्ट बोललो नाही.

तुम्हाला आठवतं ना, विहिणीच्या पंगतीला मी काय काय केलं होतं? तीन घरांतून चांदीची ताटं मागून आणली होती. महिरप काढली होती, उदबत्त्या लावल्या होत्या, गाणं म्हणायला माझ्या दोन चुलतनणंदा घसा खाकरून तयार. आणि तुम्हाला बोलवायला गेलो तर तुम्ही वधूवरांच्या खोलीत आतून कडी लावून बसलेल्या. विहीण रुसली! हॉलभर झालं. आमचे हे, देव त्यांना सुखात ठेवो, दाराबाहेर हात जोडून उभे. मी नारळ घेऊन. दाराला कान लावला तर आतून हुंदके. दाबून दाबून, श्वास अडकल्यासारखे. मग मी माझ्यासाठी घेतलेली, घडीसुद्धा न मोडलेली मोरपंखी इरकल दाराच्या फटीतून आत दाखवली. तेव्हा कुठे तासाभराने दार उघडलंत. डोळे लाल, नाक लाल. "काय चुकलं आमचं?" म्हटलं, तर म्हणे "काही नाही." ताटावर येऊन बसलात, माझ्याकडे एकदाही न बघता जेवलात. खाली मान घालून. मोरपंखी इरकल मात्र काखेत.

कारण तुम्ही कधी सांगितलं नाहीत. ताकास तूर लागू दिली नाहीत. आणि मी विचारलं नाही, कारण मला ते ठाऊक होतं. निदान तसं वाटत होतं.

आज सांगते. तुम्ही सकाळपासून त्या हॉलमधून फिरत होतात हनुवटी वर करून, दोन बोटांत निऱ्या धरून, एक एक पाऊल असं उचलत, जणू आख्ख्या हॉलभर पाणी तुंबलंय आणि साडी भिजायला नको. तुम्हाला ताटावर बोलवायच्या जरा आधी माझी धाकटी बहीण कोठीच्या दारात आली आणि म्हणाली, "ताई, यांतली मुलाची आई कोण गो?" माझ्या हातात वरणाची पळी होती. तोंडाने सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही. मी हनुवटी वर केली, दोन बोटांत निऱ्या धरल्या, पळी छत्रीसारखी उभी धरली, आणि चालून दाखवलं. चारच पावलं. बहीण हसून हसून तांदळाच्या पोत्यावर बसली. मी वळले, आणि कोठीचं दार सताड उघडं होतं. तुम्ही दिसला नाहीत. पण दहा मिनिटांत तुम्ही रुसल्याची बातमी आली.

खाई त्याला खवखवे. विहिणीची टिंगल, तीही मांडवात, तीही मुलीच्या आईने! माझ्या लेकीला उभा जन्म तुमच्या घरात काढायचा होता. तिला तुम्ही याचा सूड म्हणून छळाल, या धास्तीने मी पहिलं वर्ष नीट झोपले नाही. पुढे बघते तर तुम्ही तिला घावने शिकवताय, तिच्या नोकरीसाठी तुमच्या नवऱ्याशी भांडताय. तशी मी आणखीनच मेल्याहून मेले. असल्या बाईला मी हसले!

मग मुग्धाच्या बारशाला मी आले, आणि दुपारी तुम्ही कौतुकाने म्हणालात, "बसा, तुम्हाला बंदराचा दाखवत्ये. शेवटी गंमत झाल्येय." मी बसले. लाँच आली, मुंग्या आल्या, पंगत आली. भावांनी जिलेबी उचलली. आणि त्यांच्या खांद्यावरून मागे, कोठीच्या दारात, एक हिरव्या साडीतली बाई पळी उभी धरून हनुवटी वर करते आहे! मी तशी उठले आणि सरळ भिंतीवरचं बटणच बंद केलं. "काहीतरी जळतंय," म्हटलं. सगळं घर स्वयंपाकघरात धावलं. चुलीवर काही नव्हतंच. बारशाच्या घुगऱ्या कधीच उतरवल्या होत्या.

त्यानंतर मी कधी त्या मशीनपासून हातभराच्या पलीकडे बसले नाही. हे गेल्यावर राजापूरचं बिऱ्हाड मोडून मी रत्नागिरीत तुमच्या पुढच्या गल्लीत ब्लॉक घेतला, आपले रविवार सुरू झाले, कॅसेटची बाळूने सीडी केली, सीडीचा पेनड्राइव्ह केला, पण रिमोट कायम माझ्याकडे. जिलेबी उचलली रे उचलली की मी बंद करायचे. "झालं. चला, चहा घेऊ." तुम्ही कधी हूं की चूं केलं नाहीत. उलट रिमोट तुम्हीच माझ्या हातात द्यायचात. "तुम्हीच धरा. मला मेली ती बटणं दिसत नाहीत." चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवणारी बाई!

चहाचंही सांगूनच टाकते. लेकीच्या घरी फुकटचं खाऊ नये असं मला आईने शिकवलेलं, आणि शिवाय रविवारी मंजिरीला आमच्यासाठी ओट्याशी उभं राहायला लागू नये, म्हणून मी घरून थर्मास आणायचे. पहिल्या रविवारी तुम्ही भडकलात. "माझ्या घरात येऊन स्वतःचा चहा? हा मी अपमान समजत्ये." आणि मी कपात ओतला तो कप उचलून तुम्हीच प्यायलात. वर म्हणालात, "आलं कमी पडलंय." मग काय, चौदा वर्षं मी तुम्हाला तुमच्या घरात चहा पाजला. पुढे आलं ठेचून घालायला लागले तरी तुमचं म्हणणं, जरा जास्तच झालं.

आणि नुसता चहाच का? पहिल्या आंब्यांची पेटी घरी फोडायच्या आधी तुमच्याकडे. फणसपोळी, ओले काजू, दिवाळीचा पहिला डबा. माझी बहीण म्हणायची, "ताई, जगात विहिणी काय कमी आहेत? तू हिलाच एवढी का भितेस?" मी म्हणायचे, भीत नाही गो, आवडते मला ती. दोन्ही खरं होतं.

माफी मागायचा प्रयत्न मी एकदाच केला. तुम्हाला ऐंशी पूर्ण झाली त्या रविवारी. मनाशी चार वेळा घोकून आले होते. म्हटलं, "विहीणबाई, मंजिरीच्या लग्नात माझी एक चूक झाली होती." तुम्ही चष्मा काढलात. "एक?" म्हणालात, "मी सतरा मोजल्या होत्या." आणि सुरूच! मसालेभात चिकट होता. सनईवाला दोनच गाणी वाजवत होता. तुमच्या मामेबहिणीला ओटीत नारळ मिळाला तो किडका. मीही मग कंबर कसली. तुमच्याकडचे सव्वाशे येणार म्हणून दोनशे आले त्याचं काय, म्हटलं. तासभर कडाक्याचं भांडलो. इतकी मजा आली की खरी चूक सांगायची राहूनच गेली. घरी जाताना गल्लीच्या तोंडाशी आठवलं. म्हटलं, जाऊ दे, पुढच्या रविवारी.

तसे पुढचे रविवार पुष्कळ आले. त्यांत शेवटचा मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या दिवशी मी विचारलं, "आता एकदा खरा शेवट सांगा बघू. देवाशप्पथ." मग म्हणालात, "खरं सांगू? मला आठवत नाही हो. कित्येक वर्षं मी बनवूनच सांगत्येय." तेव्हा मी सांगायला हवं होतं. तुम्ही एवढं कबूल केलंत, मलाही करता आलं असतं. पण मुग्धा आली, तिला भूक लागली होती, तुम्ही उठलात. गुरुवारी तुम्ही दुपारच्या जेवून आडव्या झालात त्या उठलाच नाहीत.

परवा तुमचं तेरावं झालं. जेवणं उरकली, माणसं पांगली. घरचेच उरलो. तुमच्या कोपऱ्यात कोचावर ते मुंबईचे चुलतदीर पान खात पसरले होते. मी म्हटलं, "जरा सरकता का?" तर म्हणे, "बसा की समोर." मी समोर बसले. तेवढ्यात बाळू म्हणाला, "आईचा सिनेमा लावू या. आज शेवटपर्यंत." मी म्हटलं, "नको रे, आजच्या दिवशी कसला सिनेमा." कुणी ऐकलं नाही. मी रिमोट शोधायला लागले. तो मुग्धाच्या हातात. मागितला. "आजी, तू नेहमी बंद करतेस," म्हणाली, आणि दिला नाही.

लाँच आली. मुंग्या आल्या. जिलेबी. विहीणबाई, उठून दिवाणखान्यातून पळावं तर चुलतदिरांनी मध्ये पाय पसरलेले. आणि आले मी. हिरवी साडी, पळी, हनुवटी. एक पाऊल, दुसरं, तिसरं, चौथं. मंजिरी ओरडली, "आई! हे काय करत्येस तू?" जावईबापू पुढे वाकून बघायला लागले. "ही तर आईची चाल!" आणि सगळे हसायला लागले. मी पदर तोंडावर घेतला. तुमच्या तेराव्याला, तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर, तुमच्या पोटच्या पोरांनी मला पकडलं होतं.

"थांब थांब," बाळू म्हणाला, "पुढे बघा."

पुढे? याच्यापुढे काय होतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मी पदर खाली केला. व्हिडिओवाल्याने कॅमेरा वळवला होता. जिलेबीवाले भाऊ गेले, एक खांब आला, आणि खांबाआड तुम्ही उभ्या. हातात ओटीचं ताट. नजर सरळ कोठीच्या दाराकडे. म्हणजे माझ्याकडेच. आणि तुमचा चेहरा... अहो, तुम्ही हसत होतात! पदराचा बोळा तोंडात कोंबून, खांबाला धरून, गदागदा. ओटीतला नारळ घरंगळत खाली गेला तरी तुम्हाला पत्ता नाही. डोळे पुसलेत. सरळ उभ्या राहिलात. पुन्हा फुटलात. मग कशाबशा निऱ्या दोन बोटांत धरल्यात, हनुवटी वर केलीत, आणि त्याच चालीने तरातरा वधूवरांच्या खोलीकडे गेलात. कडी लावलेली ऐकूसुद्धा आली.

"आईला हसू आवरेना," बाळू म्हणाला. "पंगतीत बसले असते तर सगळ्यांसमोर फुटले असते, म्हणून आत जाऊन बसले, म्हणाली. जरा थांबलं की तुम्ही बाहेरून काकुळतीला येऊन काहीतरी बोलायचात, की परत सुरू. साडी आली तेव्हा तर ती गादीवर लोळत होती."

"आणि मला सांगितलं नाहीस?" मी म्हटलं. "अठ्ठावीस वर्षं?"

"शपथ घातली होती तिने. म्हणाली, सांगितलंस तर याद राख. त्यांना वाटू दे मी रुसले. आंबे आधी आपल्याकडे येतील."

काय म्हणावं तुम्हाला, विहीणबाई! अठ्ठावीस वर्षं मी तुमची मर्जी राखली. अठ्ठावीस पेट्या आंबे खाल्लेत माझे. माझी मोरपंखी इरकल दर संक्रांतीला माझ्यासमोर नेसून मिरवलीत. दर रविवारी माझ्या हाती रिमोट देऊन, ऐन जिलेबीला माझी कशी त्रेधा उडते ते बघत बसलात. 'बंदराचा' तुम्हाला पाठ होता. तुम्ही बघत होतात ती मला. आणि मी एवढी शहाणी, मी समजत होते की तुमचं मन दुखावू नये म्हणून मी जपत्ये.

मुग्धाने मागे नेऊन पुन्हा लावलं. सगळे पुन्हा हसले. चुलतदीरसुद्धा पान सांभाळत हसले. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मी फक्त तुमच्याकडे बघत होते. चोपन्न वर्षांच्या तुम्ही, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, आणि मला बघून जगातली सगळ्यात मोठी गंमत बघितल्यासारख्या हसताय. इतकं आनंदाने माझ्याकडे बघणारं दुसरं माणूस मला आठवेना. आणि तेरा दिवस जे आलं नव्हतं ते आलं. हुंदकेच. दाबता येईनात.

मंजिरी धावत माझ्याजवळ आली, पाठीवरून हात फिरवायला लागली. तिला वाटलं, सगळ्यांसमोर फजिती झाली म्हणून मी रडत्ये. "आई, असं काय करत्येस? त्यांना राग नव्हताच आला. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

"ते नाही गो," मी म्हटलं. "माझी मैत्रीण गेली."